शुकवाक्य आणि यंत्रवाक्य

मे २०११ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें आपल्या १५० व्या वर्षानिमित्त मेंदू, मन आणि यंत्रें या विषयावर परिसंवाद भरविला. त्यांत नोम चॉम्स्की यांनीं, भाषेचे नियम न शोधतां केवळ शब्दांच्या गणनेवरून भाकीत करणाऱ्या पद्धतीवर कडक टीका केली. मधमाशांच्या थव्यांचीं चलच्चित्रें पाहून त्यांची पुढील हालचाल बरीचशी अचूक सांगतां येईल; पण त्या तसें कां करतात, हें त्यावरून कळणार नाहीं, असा त्यांचा आशय होता. गूगलमधील संशोधक पीटर नॉर्विग यांनीं एका विस्तृत निबंधांत त्यास उत्तर दिलें. संभाषण करणारीं यंत्रें २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हातीं आल्यामुळें तो वाद पुन्हां विचारांत घेण्याजोगा झाला आहे.

केवळ यशापयशाच्या दृष्टीनें पाहिलें तर चॉम्स्की यांची बाजू लंगडी पडते, हें मान्य केलेंच पाहिजे. १९५७ मध्यें त्यांनीं एक व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्य घेऊन असें प्रतिपादिलें होतें कीं, तें वाक्य आणि त्याचेच शब्द उलट क्रमानें मांडून होणारें वाक्य, दोन्ही पूर्वीं कोणीं उच्चारलेलीं नसल्यामुळें, गणनेस त्यांतील भेद कळावयाचा नाहीं. परंतु २००० मध्यें फर्नांडो परेरा यांनीं गणनेच्याच आधारें पहिलें वाक्य दुसऱ्याहून सुमारें २,००,००० पट अधिक संभाव्य ठरवून दाखविलें.

तथापि प्रश्न येथें संपत नाहीं. आमच्या नैयायिकांनीं वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता, आसत्ति व तात्पर्यज्ञान अशीं चार कारणें सांगितलीं आहेत. पहिलीं तीन यंत्रास शब्दांच्या सहवासावरून बहुतांशीं साधतात. 'अग्नीनें शिंपतो' असें तें सहसा लिहीत नाहीं. तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा. ती मात्र कोठून आणावयाची? विश्वनाथ पंचाननांनीं 'न्यायसिद्धांतमुक्तावलीं'त पोपटाच्या वाक्याचा विचार करतांना हीच अडचण सोडविली आहे. पोपटाचें बोलणें खरें ठरल्यास तेथें ईश्वराचें तात्पर्य मानावें. खोटें ठरल्यास त्यास पढविणाऱ्याचें.

हा निर्णय आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. नॉर्विग यांनीं यशाचा हिशेब चोख दिला, चॉम्स्की यांनीं आकलनाचा आग्रह धरला. परंतु बोललेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या वादांत बाजूसच राहिला. यंत्रास मन आहे काय, याची चर्चा विद्वानांनीं खुशाल चालवावी. तिचा निकाल लागेपर्यंत यंत्रानें एकाद्या रोग्यास चुकीचें औषध सांगितलें, किंवा निरपराध माणसावर आळ घेतला, तर 'यंत्र चुकलें' एवढें म्हणून कोणास सुटतां येऊं नये. पोपटाकडे जाब मागणें व्यर्थ आहे; तो पढविणाऱ्याकडेच मागितला पाहिजे.