सादा याक्को : साधना आणि परक्यांची दाद

परदेशात एखाद्या कलावंताचा जयजयकार झाला म्हणजे दोन प्रकारचे टीकाकार उत्पन्न होतात. एकास त्या यशापुढे कलेचा विचार सुचत नाही; दुसऱ्यास त्या यशातच कलेचा अधःपात दिसतो. जपानी नर्तकी सादा याक्को (१८७१–१९४६) हिच्याविषयी निर्णय देताना हे दोन्ही मार्ग टाळणे अवश्य आहे.

बालपणीच ती तोक्योतील एका गेशागृहात दत्तक गेली. नृत्य, वादन व संभाषण यांनी बैठकीचे रंजन करणारी कलावती ती गेशा. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार खाली ठेवावयाचा, पाऊल जमिनीलगत सरकवावयाचे, हातातील पंख्याकडून कधी लाटेचे तर कधी प्याल्याचे काम करून घ्यावयाचे, ही विद्या गुरूचे अनुकरण करूनच अंगी मुरते. बैठकीत तिने लौकिक मिळविला. रंगभूमी मात्र तिची नव्हती. १६२९ साली शोगुनच्या राजवटीने स्त्रियांस रंगमंच बंद केला, आणि पुढे काबुकी नाटकांतील स्त्रीभूमिका पुरुषांकडे गेल्या. बालगंधर्वांचे नाव घरोघर ऐकलेल्या मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. बंदी उठल्यावरही रूढी उरलीच होती.

१८९९ साली पती कावाकामी ओतोजिरो याच्या नाटकमंडळीबरोबर ती अमेरिकेस गेली. तेथील प्रेक्षकांस स्त्रीभूमिकेत स्त्रीच हवी होती. म्हणून ती नटी झाली. मंडळीवर उपासमारीची पाळी आली, बॉस्टन येथे दोन नट मृत्यू पावले. तरी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात लोई फुलर हिच्या नाट्यगृहात तिने रसिकांस जिंकले. पिकासोने तिची चित्रे रेखाटली. इसाडोरा डंकनवर तिचा खोल ठसा उमटला.

तिचे गाजलेले नाटक ‘गेशा आणि सरदार’ हे दोन जुन्या काबुकी प्रयोगांचे जोडकाम होते. त्यांपैकी ‘दोजोजी’ हे प्रेमभंगाने सर्पिणी झालेल्या तरुणीचे नृत्य. संवाद छाटले, मरणाचे प्रसंग वाढविले. फुलरच्या आग्रहावरून हाराकिरीही घातली. संयम हा ज्या कलेचा प्राण, तिच्यात असा भडकपणा आणणे हा दोषच होय. तो परिस्थितीने क्षम्य ठरेल, पण गुण ठरणार नाही. आणि हीच जपानची अस्सल प्राचीन कला, असे मानणाऱ्या पाश्चात्यांचीही ती भूलच होती.

परंतु कात्री चालली ती कथानकावर. तिच्या शरीरात मुरलेल्या शिक्षणावर ती चालू शकली नाही. प्रेक्षकांस जपानी भाषेचा एक शब्दही कळत नव्हता. त्यांच्यापर्यंत पोहोचले ते पावलांचे लाघव, मानेचा झोक आणि लाजऱ्या मुलीची क्रुद्ध सर्पिणी होताना पालटणारी मुद्रा. म्हणजे नाटकाचे श्रेय वजा केले तरी नर्तकीचे श्रेय उरतेच.

स्वदेशी परतल्यावर १९०३ साली ‘ऑथेल्लो’च्या जपानी रूपांतरात ती नायिका झाली आणि १९०८ साली तिने तोक्योत नटींसाठी शिक्षणशाळा काढली. परक्यांच्या टाळीचे मोल करावयाचे तर ते येथे करावे. जे दार तिला परदेशात योगायोगाने उघडे सापडले, ते मायदेशातील मुलींसाठी तिने शिक्षणाने उघडण्याचा यत्न केला. नाटकांची ती मोडतोड काळाबरोबर विस्मृतीत गेली तरी हानी नाही. हा यत्न मात्र विसरता येणार नाही.