विषय गणिताचा, रांगोळी चेहऱ्याची

२२ डिसेंबर जवळ आला की जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांत गणित विभागाची लगबग सुरू होते. रामानुजन यांचा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. भाषण आणि प्रश्नमंजूषेच्या जोडीला बहुतेक ठिकाणी रांगोळी स्पर्धा ठरलेली. बाकं भिंतीला सरकतात, फरशीवर खडूचे चौकोन पडतात. निकाल लागतो तेव्हा पहिल्या तिघांत एक तरी रामानुजन असतात: काळा कोट, टपोरे डोळे, मागे पायचं आणि अनंताचं चिन्ह शिंपडलेलं. चेहरा हुबेहूब उतरलेला असतो. गणित मात्र त्यात तितकंच, जितकी गांधीजयंतीच्या रांगोळीत सूतकताई.

गणितावर आधारलेली आपल्याकडची स्पर्धात्मक कला गणिताला विषय मानते, पद्धत मानत नाही, ही माझी तक्रार आहे. ती खानदेशापुरती नाही; पण खानदेशात ती जास्त खटकते. का, ते पुढे येईलच.

आधी रांगोळीकडे पाहू. तिला गणित बाहेरून आणावं लागत नाही. ‘१५ ते ८’ ही कुणालाही ठाऊक असलेली मांडणी घ्या. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत ८ वर थांबायचं. एकूण ठिपके भरतात १६९. आता १३ ओळी, १३ ठिपके अशी सरळ मांडणी करा, तिथेही १६९च. ठिपके तेवढेच, पण पहिल्या जाळीवर सहा पाकळ्यांचं फूल आपसूक बसतं आणि दुसरीवर चार पाकळ्यांचं. पाच सारख्या पाकळ्यांचं फूल दोन्हींवर नेमकं बसत नाही, म्हणून जास्वंद काढताना डोळ्यांनी सांभाळून घ्यावं लागतं. हे सगळं बायकांच्या हाताला माहीत असतं. तमिळनाडूतल्या कोलमचं व्याकरण गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं. आपली ठिपक्यांची रांगोळी अजून ‘सोपा प्रकार’ म्हणून प्राथमिक गटात टाकली जाते. मोठ्या गटात व्यक्तिचित्र आणि सामाजिक संदेश. परीक्षकही बरेचदा चित्रकलेचे, त्यांना सावली नि छटा दिसतात. जाळी दिसत नाही.

अलीकडे मंडल कलेची लाट आली आहे. कंपासने वर्तुळं, कोनमापकाने १२ किंवा १६ भाग, मग प्रत्येक भागात तीच पाकळी. मेहनत खोटी नाही. पण एका भागात निर्णय घ्यायचा आणि उरलेल्या पंधरांत तो गिरवायचा, यात सममिती ही निर्णय टाळण्याची सोय होऊन बसते. दहा मंडलं शेजारी लावली तर कुठलं कुणाचं हे सांगता येत नाही.

आता खानदेशाचं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापल्याचं तो सांगतो. भास्कराचार्यांच्या जन्मगावाचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. हे गणित इथे शिकवलं गेलं एवढं मला पुरे. त्यांच्या ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यातलं एक उदाहरण असं: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, ती अदलाबदल करून मूर्ती किती प्रकारच्या होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूचे हात चार, म्हणून शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या मूर्ती २४. संध्येतली केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं या चोवीस मूर्तींचीच. म्हणजे शिल्पकारांनी गणिताचं चित्र काढलं नव्हतं, गणिताने मूर्ती मोजल्या आणि घडवल्या होत्या. हा वारसा ज्या जिल्ह्यात आहे तिथे गणित दिनाला पायचं चिन्ह रंगवून समाधान मानायचं, याला काय म्हणावं?

दुसरी गोष्ट यदृच्छेची. स्पर्धेत तिला जागाच नाही. रेघ हलली की गुण गेले. घरात मात्र ती सुखाने नांदते. गोधडी पाहा. जुन्या लुगड्याचा, सदऱ्याचा जो तुकडा हाताला लागेल तो जोडायचा, आणि धावदोऱ्याच्या ओळी मात्र कडेपासून आत शिस्तीत घालायच्या. रंग नशिबाचे, टाके नियमाचे. युरोपातल्या कलावंतांनी हे संगणकावर केलं तेव्हा ती नवी कला ठरली. गेओर्ग नेस यांच्या १९६८च्या सुमाराच्या ‘शॉटर’ या चित्रात एका ओळीत १२ अशा २२ ओळींत चौकोन आहेत. वर ते सरळ, खाली जाता जाता डळमळत विस्कटतात. २०२३ साली वारलेल्या वेरा मोल्नार यांनी तर शिस्तीत चिमूटभर गोंधळ किती घालायचा, याच प्रश्नावर आयुष्य काढलं.

आपल्याला संगणकाचीही गरज नाही. तेच १३ गुणिले १३ ठिपके घ्या. मध्ये १४४ घरं होतात. प्रत्येक घरासाठी नाणं उडवा. छापा आला तर वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या ठिपक्याभोवती पाव वर्तुळ, काटा आला तर उरलेल्या दोन ठिपक्यांभोवती. प्रत्येक कमान बाजूच्या मध्यावर संपते, म्हणून नाणं कसंही पडो, आतली एकही रेघ अर्धवट तुटत नाही. आतल्या १२१ ठिपक्यांपैकी सरासरी सात-आठांभोवती पूर्ण वर्तुळ होतं. कुठल्या, ते नाण्यालाही माहीत नसतं. आणि दोनच रंगांत सगळी रांगोळी भरता येते, शेजारचे दोन भाग कधी एका रंगाचे होत नाहीत. अशा रांगोळ्यांची संख्या ४४ आकडी आहे.

‘मग यात कलावंताचं काय?’ हा प्रश्न परीक्षक विचारतीलच. उत्तर असं, की नियम कुठला घ्यायचा, नाण्याचं कुठे ऐकायचं आणि कुठे नाही, रंग कुठला दाबायचा, हे नाणं सांगत नाही. धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत म्हणून काही त्या एकसारख्या झालेल्या नाहीत.

तेव्हा आयोजकांना एक विनंती. येत्या २२ डिसेंबरला चेहऱ्यांची स्पर्धा खुशाल ठेवा. फक्त एक वर्ग वेगळा काढा, फळ्यावर विषयाऐवजी एक नियम लिहा, प्रत्येक चौकोनापाशी एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि परीक्षक म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांशेजारी गणिताच्या बाई आणि गल्लीतली एखादी ठिपके मोजणारी आजी बसवा.