पार्श्वसंगीताचा संग्रह : छंद की दायित्व?

विज्ञानकथांवरील जुन्या पाश्चात्त्य चित्रपटांचे वाद्यवृंदसंगीत ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने जमविणे, हा छंद आपल्याकडे विरळाच. देवल गाणगापूर ज्या अफजलपूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील करजगीस राहून आम्ही तो बाळगावा, याचे आमच्या स्नेह्यांस नवल वाटते. त्या नवलामागे एक आक्षेप दडलेला आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. पार्श्वसंगीत हे चित्राचे चाकर. धनी निघून गेल्यावर चाकराचे बोलणे एकटे ऐकत बसण्यात स्वारस्य ते काय, असा तो आक्षेप होय.

या आक्षेपाचे पहिले उत्तर देवळाच्या दारातच सापडते. काकडआरतीच्या वेळचा सनईचौघडा हा स्वतःसाठी वाजत नाही; तो देवाच्या उठण्याशी बांधलेला असतो. तरीही बिस्मिल्ला खाँ यांनी सनई मैफलीत आणली तेव्हा तिचे तेज उणावले नाही. पुढे १९५९ च्या ‘गूंज उठी शहनाई’ या चित्रपटात वसंत देसाई यांच्या संगीताबरोबर तीच सनई घरोघर पोहोचली. सेवेसाठी जन्मलेले संगीत सेवेबाहेरही जगू शकते, एवढे यावरून सिद्ध होते. मात्र सगळेच जगते असे नाही. कोणते जगते आणि का, हे पाहणे संग्राहकाचे काम आहे.

एच. जी. वेल्स यांच्या कथेवरील ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट १९३६ चा. त्याचे संगीत आर्थर ब्लिस यांचे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी, १९३५ मध्येच, त्यातील काही भाग लंडनच्या मैफलीत वाजविला गेला होता. पहिल्या महायुद्धात ब्लिस स्वतः लढले होते. त्यांच्या कूचसंगीतात यंत्रयुगाचा उत्साह आणि युद्धाची धास्ती एकाच तालावर पावले टाकतात. चित्रातील भविष्यनगरी आज जुनी वाटते; ते कूचसंगीत जुने वाटत नाही.

१९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ मध्ये बर्नार्ड हर्मन यांनी नेहमीचा तंतुवाद्यांचा ताफाच वगळला, आणि पितळी वाद्ये, ऑर्गन, वीणेच्या जातीची हार्प व दोन थेरमिन यांवर सारा भार टाकला. थेरमिन हे वाद्य हात न लावता, हवेत हात हालवून वाजते. त्याचा स्वर गळ्यातून आला की यंत्रातून, हे कानास ठरविता येत नाही. आलेला पाहुणा मित्र की शत्रू, हाच त्या कथेचाही प्रश्न आहे. श्रोत्याने काय वाटून घ्यावे हे हर्मन सांगत नाहीत. ते त्याला प्रश्नापाशी उभे करतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ साठी जॉन विल्यम्स यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेले संगीत याच्या अगदी उलट वृत्तीचे आहे. एकेका पात्रास एकेक स्वरवाक्य नेमून दिल्यामुळे श्रोता कोठेही हरवत नाही. त्यातील आनंद ओळखीचा आहे, हर्मन यांच्यातील आनंद अनोळखीचा. आमचा कौल दुसऱ्याकडे आहे. पण संग्रहात दोघेही हवेत, कारण एकाशेजारी ठेवल्यावाचून दुसऱ्याचे मोल कळत नाही.

आक्षेपाचे सर्वांत कठोर उत्तर मात्र १९६८ च्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ ने दिले आहे. अॅलेक्स नॉर्थ यांनी त्यासाठी लिहिलेले संगीत दिग्दर्शक क्यूब्रिक यांनी बाजूस सारले आणि दोन्ही श्ट्राउस व लिगेती यांच्या जुन्या-नव्या रचना योजल्या. चित्रपटासाठी ती निवड अचूकच होती, असे आम्हांस वाटते. तरी १९९३ मध्ये, नॉर्थ यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, जेरी गोल्डस्मिथ यांनी ते नाकारलेले संगीत वाद्यवृंदाकडून मुद्रित करून घेतले. धन्याने दारातूनच परतविलेला हा चाकर आज स्वतःच्या पायांवर उभा आहे. तो उभा राहू शकला, कारण संगीत कागदावर लिहिलेले होते आणि कोणीतरी तो कागद सांभाळला होता.

येथे आम्हांस आपल्या घराकडे वळणे भाग पडते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९६७ मध्ये ‘वहाँ के लोग’ या, मंगळवासीयांच्या कल्पनेभोवती रचलेल्या चित्रपटास संगीत दिले. म्हणजे हा प्रांतही आपणांस परका नव्हता. पार्श्वसंगीताचा विवेकही आपल्याकडे होता. ‘प्रभात’च्या १९३७ च्या ‘कुंकू’ मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत मुळीच न वापरता प्रसंगातल्या आवाजांवरच काम भागविले. परंतु आपल्या तबकड्यांवर आली ती प्रामुख्याने गाणी. पार्श्वसंगीत राहिले ते चित्रपटाच्या पोटात, संवादांत आणि दारांच्या करकरीत मिसळून. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले, १९९० मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची संस्था उभी राहिली. या दोहोंमधली जागा रिकामीच राहिली.

त्या रिकाम्या जागेत हरविली ती माणसे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात गोमंतकीय वादकांवर उभा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली ही मंडळी. संगीतकाराने गुणगुणलेली चाल ते कागदावर उतरवीत आणि प्रत्येक वाद्याचा वाटा लिहून काढीत. शंकर-जयकिशन यांच्याकडील सबास्टियन डिसूझा, किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्यापाशी प्यारेलाल व्हायोलिन शिकले, ही त्यांतील ठळक नावे. ती तरी उरली. बहुतेकांची श्रेयनामावलीतही आली नाहीत.

वकिलीच्या नजरेस यातील विसंगती विशेष खुपते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत, संगीतकृती म्हणजे लिहिलेली वा छापलेली रचना अशी व्याख्या होती. कायदा लेखणीचा मान राखीत होता, परंतु प्रत्यक्ष लेखणी धरणाऱ्या संयोजकाचे नाव त्यात नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा स्वामी, उलट करार नसल्यास, निर्माताच होय असे ठरविले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. संयोजकाचा स्वतंत्र उल्लेख तेव्हाही झाला नाही. जे काम कायद्याने केले नाही, ते काही अंशी संग्राहकच करू शकतो.

म्हणून आमचे मत असे की, हा संग्रह केवळ श्रवणसुखासाठी करू नये. विदेशी ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वाद्यवृंदाचे, संचालकाचे, कित्येकदा एकेकट्या वादकाचेही नाव छापलेले असते. ते वाचून आपल्याकडे काय नाही, हे आपणांस कळावे. ज्यांच्या घरी जुन्या स्वरलिपींचे कागद, वाद्यवृंदातील वडीलधाऱ्यांच्या वह्या किंवा मुद्रणाच्या दिवसांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांच्या पाठीवर नाव, वाद्य आणि साल लिहून ठेवावे. मराठी व कोंकणी घरांतून हे काम आज होऊ शकते. त्या पिढीतील थोडेच लोक आता आपल्यांत उरले आहेत.