‘ब्लॉक पार्टी’ : दिलेला आनंद आणि मिळविलेला आनंद

१८ सप्टेंबर २००४ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात डेव्ह शॅपेल या कृष्णवर्णीय विनोदी नटाने हिप हॉप गायकांचा एक विनामूल्य जलसा भरविला. मिशेल गाँद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने त्यावर केलेला माहितीपट २००६ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. कान्ये वेस्ट, मॉस डेफ, एरिका बाडू, लॉरिन हिल अशी मोठी मंडळी त्यात आहेत. परंतु निव्वळ गाण्यांचा कार्यक्रम म्हणून तो पाहणे म्हणजे त्याच्या आशयाकडे पाठ फिरविणे होय.

शोषिताचे दुःख वाचण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे, त्याचे हसणे वाचण्याची नाही. येथे कृष्णवर्णीय माणूस भर पावसाळी दिवशी रस्त्यावर मनसोक्त हसतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागत नाही. हे या चित्रपटाचे खरे बळ आहे. मात्र हा आनंद एका श्रीमंत नटाने दिलेला आहे. ओहायोतील आपल्या गावकऱ्यांना तो तिकिटे वाटतो. श्रोत्यांपैकी अनेकांना बसने आणले जाते. ज्या वस्तीचा हा उत्सव, ती वस्ती पुष्कळदा नेपथ्यापुरतीच उरते. भीमराव कर्डकांच्या जलशासमोर बसलेला माणूस पाहुणा नव्हता. तो त्या चळवळीचाच माणूस होता.

ओहायोच्या सेंट्रल स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी-वाद्यपथक ही या चित्रपटातील सर्वांत जिवंत गोष्ट. आमंत्रण मिळताच त्या मुलामुलींना होणारा आनंद पाहून कोणाही शिक्षकाचे मन भरून येईल. याच विद्यार्थ्यांना वायक्लेफ जाँ हा हैतीहून आलेला गायक उपदेश करतो : गोऱ्यांना दोष देऊ नका, वस्तीतही ग्रंथालय असते, तेथे जा. हा उपदेश आपल्या परिचयाचा आहे. राखीव जागेवर शिकलेल्या प्रत्येकाने तो सवर्ण सहकाऱ्यांकडून ऐकला आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की, आपल्यातल्या स्थिरावलेल्यांकडूनही ऐकला आहे. ग्रंथालयात गेले पाहिजे, यात वाद नाही. बाबासाहेबांइतके ग्रंथालयात कोण बसले? पण तेथून बाहेर पडून त्यांनी व्यवस्थेला दोषमुक्त केले नाही. उलट ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) लिहिले. वाचन करावयाचे ते दोष कोणाचा हे नेमके सांगता यावे म्हणून. दिग्दर्शक हा उपदेश टिपतो आणि पुढे जातो, त्याला प्रश्न पडत नाही.

त्याचे उत्तर त्याच व्यासपीठावर उभे आहे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. ‘डेड प्रेझ’ या जोडीबरोबर तेथे फ्रेड हॅम्प्टन ज्युनियर येतो. त्याचे वडील ब्लॅक पँथर पक्षाचे इलिनॉयमधील नेते. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागो येथे पोलिसांनी त्यांना राहत्या घरी, बिछान्यातच गोळ्या घालून मारले. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते आणि हा मुलगा अजून जन्मला नव्हता. ज्या पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तो हाच. हॅम्प्टन यांनीही वस्तीतील मुलांना मोफत न्याहारी दिली. पण ती हक्काची जाणीव करून देत दिली. सरकारला नेमकी तीच न्याहारी खुपली.

आपल्या वसतिगृहांतून हा चित्रपट अवश्य दाखवावा. मात्र त्या उपदेशापाशी यंत्र थांबवून मुलांना बोलू द्यावे.