ओसाड भूमी आणि एकटा प्रवासी

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील दऱ्याखोऱ्यांच्या वैराण प्रदेशातून एकट्याने मोटार हाकीत जाणाऱ्यांची प्रवासवर्णने वाचताना आम्हांस विला कॅथर यांच्या ‘द प्रोफेसर्स हाउस’ (१९२५) या कादंबरीचे स्मरण होते. तिच्यातील टॉम आउटलँड कड्याच्या कपारीतील प्राचीन नगर शोधून काढतो आणि पुढे एक उन्हाळा तेथे एकटाच व्हर्जिल वाचीत घालवितो. त्या दगडी घरांवरील निःशब्दता कॅथर यांनी फार थोड्या शब्दांत उभी केली आहे.

तथापि एका ठिकाणी आमचे मन अडते. तेथील रहिवाशांचा समूळ संहार झाला असावा, असा तर्क कादंबरीतील एक धर्मगुरू करतो, आणि त्यास उत्तर देणारे कोणीच नाही. ‘लुप्त झालेले लोक’ हेच पालुपद पुढे अनेक प्रवासलेखकांनी आळविले. वस्तुस्थिती निराळी आहे. या नगराचे मूळ जे मेसा व्हर्डे, ते तेराव्या शतकाच्या अखेरीस, दीर्घ अवर्षणाच्या काळात, ओस पडले. लोक दक्षिणेकडे गेले. होपी, झुनी आदी प्युएब्लो लोक त्यांचेच वंशज होत. गुस्ताफ नूर्देनशॉल्ड यांनी १८९१ साली तेथून नेलेल्या अस्थी फिनलंडने २०२० मध्ये परत केल्या, तेव्हा या वंशजांच्या पुढाकारानेच त्यांचे पुनश्च दफन झाले.

एकांत प्रवासी आपल्याबरोबर घेऊन येतो. तो त्या भूमीवर लादला म्हणजे वर्णन सुंदर उतरते, परंतु जिवंत माणसे त्यातून पुसली जातात. कॅथर यांची लेखणी आम्हांस वंद्य आहे. त्या धर्मगुरूचा तर्क मात्र मान्य नाही.