संकेत, दाह आणि लक्ष्य : मेसोथेलिओमाच्या उपचारविषयक परिभाषेची चिकित्सा

मेसोथेलिओमा या कर्करोगासंबंधी गेल्या दोन दशकांत झालेले संशोधनपर लेखन चाळले, तर त्यात तीन शब्द पुनःपुन्हा आढळतात : संकेत, दाह आणि लक्ष्य. पेशी परस्परांना संकेत देतात, त्या संकेतांनी दाह पेटता राहतो आणि यांपैकी एखाद्या दुव्यास लक्ष्य करून औषध योजावे, अशी या लेखनाची सर्वसाधारण मांडणी असते. हे तिन्ही शब्द मुळात रूपके होत. रूपकावाचून शास्त्राचे चालत नाही हे खरे. परंतु रूपक कोठवर साथ देते आणि कोठे दिशाभूल करते, याचा निवाडा होणे अगत्याचे असते. येथे तर त्या निवाड्यावर रुग्णांच्या आयुष्याचे महिने अवलंबून आहेत.

फुप्फुसे, उदर इत्यादींभोवती जे पातळ अस्तर असते, त्याचा हा कर्करोग. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड या तिघांनी १९६० साली दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य केप भागातील ३३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी एक वगळता सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी संपर्क आला असणे संभवनीय दिसले. तंतू श्वासावाटे आत जाणे आणि रोग प्रकट होणे यांत बहुधा तीनचार दशकांचे अंतर पडते. कारण बाहेरचे, कार्य आतले आणि मध्ये एवढा दीर्घ काळ. हा काळ कशाने भरून काढावयाचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘दाह’ आणि ‘संकेत’ ही पदे पुढे आली.

प्रथम दाहाचा विचार करू. पाश्चात्त्य वैद्यकातील मूळ लॅटिन पद पेटविणे या अर्थाच्या धातूपासून आले आहे. रोमन ग्रंथकार केल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी त्याची चार लक्षणे नोंदविली. मराठी वैद्यकीय लेखनात कोणी ‘दाह’ म्हणतो, कोणी ‘शोथ’. पहिल्या शब्दाने उष्णता उचलली, दुसऱ्याने सूज. परंतु ॲस्बेस्टॉसमुळे जो दाह होतो, तो वर्षानुवर्षे मुका असतो. चारांपैकी एकही लक्षण रुग्णास जाणवेलच असे नाही. लांब तंतू भक्षक पेशीस गिळता येत नाही आणि टाकताही येत नाही. या अर्धवट गिळण्यातून पेशीतील एनएलआरपी-३ ही यंत्रणा जागी होऊन आयएल-१ बीटा हे द्रव्य बाहेर पडते, असे २००८ साली दाखविण्यात आले. मरणाऱ्या अस्तरपेशींतून निसटणारे एचएमजीबी-१ हे प्रथिन दाह चालू ठेवते, हे २०१० सालच्या संशोधनाने पुढे आणले. ‘ॲस्बेस्टॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. व्युत्पत्तीने निदान होत नसते; तरीही जे खनिज स्वतः जळत नाही, त्याने आत न विझणारी धग लावावी, हा योग विलक्षण खरा.

आगीचे रूपक स्वीकारले की ‘विझवा’ हा उपाय आपोआप सुचतो. येथेच सावध राहावयास हवे. टीएनएफ-अल्फा हे दाहकारक द्रव्य एनएफ-कप्पा-बी या मार्गाने ॲस्बेस्टॉसग्रस्त अस्तरपेशीस मरणापासून वाचविते, असे २००६ साली आढळून आले. मरावयास हवी होती ती बिघडलेली पेशी जगते, आणि पुढील अनर्थाचे बीज त्या जगण्यात असते. म्हणजे ही आग जाळते आणि राखतेही. शिवाय केव्हा विझवावयाचे, हा प्रश्न उरतोच. हृद्रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीत आयएल-१ बीटास रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे २०१७ साली दिसले. पण तो कर्करोग जडलेल्यांना तेच औषध दिले असता नंतरच्या चाचण्यांत अपेक्षित लाभ झाला नाही. तो रोग निराळा असला, तरी बोध येथेही लागू पडण्यासारखा आहे : रोगास जन्म देणारा दाह आणि रोग झाल्यावर त्याच्यासह नांदणारा दाह यांना एकच नाव दिल्याने ते एक होत नाहीत.

आता ‘संकेत’. पेशीसंदर्भात हा शब्द तारायंत्राच्या आणि संदेशशास्त्राच्या परिसरातून आला. सदरलंडने ‘दुसरा दूत’ कल्पिला, रॉडबेलने ग्राहक, रूपांतरक आणि वर्धक अशी भाषा वापरली. आपल्याकडे न्यायशास्त्रात संकेत म्हणजे शब्द आणि अर्थ यांना जोडणारा करार. पेशीत करार करणारा कोणी नसतो. परंतु रेणू आणि त्यामुळे घडणारा परिणाम यांत रासायनिक अपरिहार्यता नसते, हे मोनोने १९७० साली आग्रहाने मांडले होते. तेव्हा शब्द अगदीच अस्थानी नाही. दोष आहे तो निराळ्याच जागी. हेतू दोन प्रकारचा, ज्ञापक आणि कारक, हा भेद आपल्या तर्कपरंपरेस सुपरिचित आहे. धूर अग्नीचा ज्ञापक आहे, कारक नव्हे. धूर पुसल्याने अग्नी विझत नाही. ‘संकेत’ हा शब्द या दोहोंवर एकच पांघरूण घालतो.

ईजीएफआर या ग्राहकाचे उदाहरण घ्यावे. मेसोथेलिओमाच्या पेशींवर तो वारंवार विपुल आढळतो. साहजिकच तो रोखावा असे ठरले. परंतु २००५ साली गेफिटिनिब आणि २००७ साली एर्लोटिनिब या औषधांच्या चाचण्यांत गाठींवर नाव घेण्यासारखा परिणाम दिसला नाही. विपुलता हे ज्ञापक ठरले. तिला कारक मानले गेले होते.

दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. या रोगात बीएपी-१, एनएफ-२ आणि सीडीकेएन-२ए ही जनुके वारंवार निकामी होतात किंवा गळून पडतात. तिन्ही आवर घालणारी. औषधाने बोलणाऱ्यास गप्प करता येते. वाक्यातून जो शब्दच गळाला, त्यास काय गप्प करणार? एनएफ-२ पासून होणारे मर्लिन हे प्रथिन नसल्यास पेशी एफएके या विकरावर अवलंबून राहील, या तर्काने डिफॅक्टिनिब योजले गेले. तर्क सुबक होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो खरा ठरविला नाही.

मीमांसकांत अन्विताभिधानवादी म्हणतात की, पदाला सुटा अर्थ नाही. इतर पदांशी अन्वित होऊनच ते अर्थ सांगते. पेशीतील संकेताविषयी हेच मत अधिक टिकाऊ दिसते. रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या संकेतावर चालणारी दोन औषधे पाहावीत. बेव्हॅसिझुमॅब रसायनोपचारास जोडल्याने सरासरी आयुर्मर्यादा, म्हणजे मध्यक, १६.१ महिन्यांवरून १८.८ महिन्यांवर गेली (२०१६). त्याच मार्गासह आणखी काही मार्ग रोखणाऱ्या निंटेडॅनिबने आधीच्या लहान चाचणीत आशा दाखविली, पण २०१९ सालच्या मोठ्या चाचणीत ती फोल ठरली. अधिक संकेत रोखले म्हणजे अधिक लाभ, हे गणित येथे जुळले नाही.

उरला ‘लक्ष्य’ हा शब्द. धनुर्धराचे लक्ष्य एकच आणि स्थिर असते. शास्त्रग्रंथांत मात्र लक्षणाने जे व्यापावयाचे ते लक्ष्य, आणि तेथे अव्याप्ती व अतिव्याप्ती हे दोष सांगितले आहेत. रोखलेला मार्ग निरोगी पेशीतही चालत असेल तर अतिव्याप्ती, रोगपेशीस पर्यायी मार्ग असेल तर अव्याप्ती. उपचारकांना हा दुसरा अर्थ अधिक उपयोगी पडावा. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब यांच्या जोडीने मध्यक आयुर्मर्यादा १४.१ वरून १८.१ महिन्यांवर नेली (२०२१), आणि तेथे गाठीच्या पेशीस गप्प करण्याऐवजी रोगप्रतिकारक पेशींवरील आवर काढला गेला होता, ही गोष्ट सूचक आहे. एपिथेलिऑइड नसलेल्या प्रकारात लाभ विशेष, ८.८ वरून १८.१ महिने, होता. म्हणजे एका नावाखाली अनेक रोग असल्याचीच ही साक्ष.

या परिभाषेचा सर्वांत मोठा दोष मात्र तिच्या मौनात आहे. संकेत, दाह, लक्ष्य हे तिन्ही शब्द पेशीच्या आतून आरंभ करतात. तंतू, खाण, कारखाना आणि तेथील कामगार हे वाक्याच्या बाहेर राहतात. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवास कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. तरी भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि त्याचे सिमेंटचे पत्रे बनविणे चालूच आहे. आज पत्रा कापताना जो तंतू कोणाच्या छातीत जाईल, त्याचे उत्तर तीसचाळीस वर्षांनी मिळेल, आणि तेव्हा औषध शोधणाऱ्यांपुढे पुन्हा महिन्यांचाच हिशेब असेल.

तात्पर्य, ही परिभाषा टाकून द्यावयाची नाही. ती तपासून वापरावयाची आहे. ‘संकेत’ म्हटले की ज्ञापक की कारक, ‘दाह’ म्हटले की कोणत्या काळचा, आणि ‘लक्ष्य’ म्हटले की तंतूपासून पेशीपर्यंतच्या साखळीतील कोणता दुवा, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रबंधास विचारता येतील. त्यांपैकी शेवटल्या प्रश्नाचे एक उत्तर तरी प्रयोगशाळेबाहेर, पत्र्याच्या छपराखाली शोधावे लागेल.