स्वयंचलित प्रकाशन आणि श्रोत्याचे स्थान

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांची ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, अठरा रविवारी झाली. बोलणारे विनोबा, टिपून घेणारे साने गुरुजी. हा ग्रंथ सिद्ध झाला तो केवळ वक्त्यामुळे नव्हे. बोलणे समजून घेऊन लिहिणारा श्रोता तेथे होता म्हणूनही. मुक्तस्रोत संगणक-प्रणालींच्या माहितीग्रंथांचे आज जे स्वयंचलित प्रकाशन होते, त्याला हीच कसोटी लावून पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या पद्धतीचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. पायथन भाषेच्या माहितीग्रंथासाठी गेओर्ग ब्रांडल यांनी रचलेले ‘स्फिंक्स’ हे साधन २००८ साली प्रसिद्ध झाले. एकाच साध्या संहितेपासून ते संकेतपृष्ठे, छापण्याजोगी प्रत व ई-पुस्तक सिद्ध करते. संहितेत दुरुस्ती होताच नवी आवृत्ती आपोआप प्रसिद्ध करण्याची सोयही आता रुळली आहे. ग्रंथात दिलेले उदाहरण प्रत्यक्ष चालते की नाही, दुवे जिवंत आहेत की नाहीत, हेही यंत्र पडताळते. शुद्धिपत्रासाठी दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहणाऱ्या आपल्या पिढ्यांना याचे मोल सांगावयास नको.

तथापि यंत्र जे पडताळते तेवढेच शुद्ध, असा समज यातून बळावतो. आज्ञावलीतील टिपा आपोआप वेचून जे पुस्तक तयार होते, ते बहुधा नामांची सूची असते. कोणती क्रिया कशासाठी करावयाची, हे नवख्याला त्यातून उमगत नाही.

भाषांतरात ही उणीव अधिक जाचते. या व्यवस्थेत परिच्छेद हे भाषांतराचे एकक असते. मूळ परिच्छेदात एक शब्द बदलला तरी जुने भाषांतर संदिग्ध ठरते आणि, वेगळी सूचना नसल्यास, त्या जागी मूळ इंग्रजी परिच्छेद उमटतो. शिळे भाषांतर खपवले जात नाही, हा प्रामाणिकपणा स्तुत्य होय. परंतु शेजारच्या परिच्छेदातील बदलामुळे न बदललेल्या परिच्छेदाचा अर्थ फिरला, तर त्याची खूण यंत्र करीत नाही. परिणामी मराठी वाचकापुढे अर्धे इंग्रजी आणि अर्धे विसंगत असे पान येते व ‘मराठीत हे विषय नीट सांगता येत नाहीत’ असा दोष भाषेच्या माथी बसतो.

येथे कोणी म्हणेल की, प्रत्येक दुरुस्तीस वाचक कोठून आणावा? आक्षेप रास्त आहे; परंतु प्रत्येक दुरुस्तीस वाचक नको, प्रत्येक आवृत्तीस हवा. जुळणी, छपाई व वितरण यंत्राकडे खुशाल द्यावे. आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी सलग पाठ वाचणारा एक जाणता वाचक मात्र नेमलेला असावा. संहितेची चिकित्सा हा ज्यांचा अभ्यासविषय, त्या मराठी विभागांनी हे काम परके मानू नये. यंत्राने प्रकाशकाची जागा घेतली आहे. श्रोत्याची जागा अजून रिकामीच आहे.